फ्रीडमन, वय चार महिने

पेकन बेंडच्या वस्तीत डॉर्कस आयलंडच्या हातावर सव्वादोनशे पोरं जन्माला आली होती, पण त्यांतल्या एकाही जन्माबद्दल तिला आजवर शपथ घ्यावी लागली नव्हती. पोर रडलं म्हणजे जन्मलं, एवढा पुरावा सगळ्यांना पुरत होता. त्या वसंतात मात्र सरकारने नवं काढलं. अमेरिकेतल्या क्रीक इंडियनांच्या राष्ट्राची जमीन माणशी वाटणं चाललंच होतं. आता तान्ह्या लेकरांनाही वाटा मिळणार होता. फक्त पोर खरंच जन्मलं आणि जिवंत आहे, असं आईने आणि सुईणीने कारकुनासमोर शपथेवर सांगायचं. म्हणून मार्चमधल्या एका मंगळवारी डॉर्कस खेचराची गाडी जुंपून बाप्टिस्ट चर्चपाशी आली. तिथे प्रवचनाच्या ओट्याखाली टेबल टाकून ओस्बी नावाचा एक तरुण गोरा कारकून बसला होता.

तिने पहिली सही केली ती यहोलांच्या घरातल्या मुलासाठी. ओढ्यापलीकडचं घर, जुनं क्रीक घराणं. जानेवारीत बर्फातून जाऊन तिने ते बाळंतपण केलं होतं. मूल आडवं आलं होतं, ते तिने फिरवून घेतलं होतं. ओस्बीने विचारलं, तिने सांगितलं, त्याने लिहिलं, तिने सही केली. मिशनच्या शाळेत ती तीन हिवाळे गेली होती. बोट ठेवून वाचायची, पण वाचायची नक्की. कागदाच्या माथ्यावर छापलं होतं, ‘नवजात क्रीक नागरिक’.

मग लुसिंडाची पाळी आली. लुसिंडा विशीतली, हे तिचं पहिलंच मूल. मुलगी, चार महिन्यांची, नाव झेल्मा. सोबत लुसिंडाची आई हेप्सी होती. हेप्सी छप्पन वर्षांची, ताठ पाठीची. तिला इंग्रजी कळायचं सगळं, पण ती ते तोंडात घ्यायची नाही. क्रीक बोलायची, आणि ज्याला कळत नसेल त्याने सुईणीला विचारावं अशी तिची रीत होती.

ओस्बीने दुसऱ्या गठ्ठ्यातला कागद काढला. मजकूर तोच, रेघा त्याच. माथ्यावर मात्र छापलं होतं, ‘नवजात फ्रीडमन’.

“काय लिहिलंय वर?” हेप्सीने विचारलं.

डॉर्कस अडली. हा शब्द ती रोज ऐकत होती, बोलतही होती, पण क्रीकमध्ये तो कधी कुणी आणलाच नव्हता. क्रीकमध्ये काळ्या माणसाला काळं माणूस म्हणत, आणि नावाने हाक मारत. तिने शब्दाचे दोन तुकडे केले आणि त्यातल्या त्यात जवळचं सांगितलं.

“सोडलेली.”

हेप्सीने नातीकडे पाहिलं. “कुणी? नवऱ्यानं?”

मागच्या बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावल्यासारखा ॲप्रन लावून हसल्या.

“तसं नाही, मावशी. बांधलेलं असतं आणि मग दावं सोडतात, तसं.”

“हिला कोणी बांधलं होतं? अजून आईला सोडत नाही ती.”

डॉर्कसला ते एकदम पटलं. तिने कारकुनाला विचारलं, फ्रीडमन म्हणजे नेमकं कोण. ओस्बी तिला ‘आंटी’ म्हणत होता, गोरे लोक सगळ्याच काळ्या बायांना म्हणायचे तसं, पण माणूस वाईट नव्हता. त्याने नीट समजावलं. उत्तर-दक्षिण युद्धाआधी जे क्रीक लोकांचे गुलाम होते आणि युद्धानंतर मोकळे झाले ते, आणि त्यांचे वंशज. मुलं का? मुलंही. नातवंडं? तीही. मग किती पिढ्यांपर्यंत, असं डॉर्कसने विचारलं. ओस्बीने हातातली छापील सूचनांची वही उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला की तसं काही लिहिलेलं दिसत नाही.

“मग हिला सोडलं ती तारीख कुठल्या रकान्यात लिहायची?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की एवढ्या रेघा आखल्या आहेत तर एक त्यासाठीही असेल. पण ओस्बीचे कान लाल झाले. त्याने टाक दौतीत उभा केला.

तेवढ्यात हेप्सीने लुसिंडाच्या मांडीवरून मुलगी उचलली. “आमच्यात कुणी कुणाचं नव्हतं,” ती म्हणाली, आणि सरळ दाराबाहेर गेली. लुसिंडा डोळे पुसत तिच्यामागे निघाली. ओस्बीने डॉर्कसला सांगितलं की तो गुरुवारी दुपारपर्यंत इथे आहे, पुढे दुसऱ्या गावी जायचंय, आणि मुदत संपल्यावर आलेला कागद कोणीही घेणार नाही.

गाडी हाकताना डॉर्कसच्या डोक्यात तोच शब्द फिरत राहिला. ती स्वतः युद्धातल्या एका हिवाळ्यात जन्मलेली, कॅन्ससमधल्या निर्वासितांच्या छावणीत, गाडीखाली. जमिनीच्या यादीसाठी सात वर्षांपूर्वी प्रत्येकाचं कार्ड केलं, तेव्हा तिच्याही कार्डावर ‘फ्रीडमन’ लिहिलं होतं. पिठाच्या पोत्यावर गिरणीचा छाप असतो तसा तो शब्द तिने घेतला होता. छाप आहे, पीठ बरं आहे, झालं. आत काय लिहिलंय ते कधी पाहिलं नव्हतं. आता वाटलं, आपण एक दिवस तरी कुणाचे होतो का? आईला विचारायचं राहून गेलं होतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

घरी जायच्याऐवजी तिने खेचर सिपियो मार्शलच्या वाटेला वळवलं.

सिपियो बाबा वस्तीतला सगळ्यात जुना माणूस. डोळे गेले होते, पण दात शाबूत होते. ओसरीवर बसून तो अक्रोडासारखे पेकन फोडत होता, टरफलं एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला, आणि चुकून एकही टरफल गरात पडत नव्हतं. डॉर्कसने त्याला त्या शब्दाचं विचारलं. मग त्याने सांगितलं की तो शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला तो तहाच्या वेळी. युद्ध संपलं होतं, सरकार आणि क्रीक पुढारी यांच्यात बोलणी झाली, आणि कागदावर असं आलं की जे गुलाम होते ते, आणि जे आधीपासून मोकळे काळे होते तेही, आता क्रीकच. जमिनीला, पंचायतीला, सगळ्याला सारखेच. फक्त एक अट होती. जे युद्धात लांब पळून गेले होते त्यांनी वर्षाच्या आत परत यायचं.

“आम्ही त्या शब्दासाठी चालत आलो, पोरी. कॅन्ससातून. माझ्या बहिणीचे पाय फुटले होते, तिला दोघांनी उचलून आणली. वर्षाच्या आत पोचलो. नऊ दिवस शिल्लक होते.”

“पण शब्दाचा अर्थ काय, बाबा?”

“अर्थ म्हणजे बाक. पंचायतीच्या घरात आमच्या गावाचा बाक होता. त्यावर मी सोळा वर्षं बसलो. समोर जो बसायचा त्याच्या बापाचा कापूस मी वेचलेला. तो माझ्याकडे बघून बोलायचा आणि मी त्याला उत्तर द्यायचो. फ्रीडमन म्हणजे तो. अजून काय पाहिजे?”

डॉर्कसने विचारलं की मग ज्या काळ्या माणसांना कधी गुलाम केलंच नव्हतं, त्यांनाही हाच शब्द लावला का. सिपियो म्हणाला, लावला. एका गाडीत सगळे बसले, कोण कुठून चढलं ते कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची गरज नव्हती. आता जमीन कागदावर आली म्हणून लोक विचारायला लागले. एवढं बोलून त्याने गराची वाटी तिच्या हातात दिली आणि हेप्सीला द्यायला सांगितलं. का ते नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खेचराचा नाल सैल झाला म्हणून डॉर्कस लोहाराकडे गेली. तसा तो आणखी आठवडाभर टिकला असता. एझ्रा ड्युप्री टेक्ससमधून आलेला होता, आठ वर्षं झाली होती, तरी वस्तीतले लोक त्याला अजून ‘वाचिना’ म्हणत. बाहेरून, राज्यांतून आलेल्या माणसाला इथे तेच म्हणायचे, गोरा असो की काळा. आणि एझ्रा त्यांना ‘नेटिव्ह’ म्हणायचा, आंबूस पेज पिणारे लोक म्हणून.

तिचा प्रश्न ऐकून त्याने भाता थांबवला.

“तुमच्याकडे तान्ह्या पोरीला फ्रीडमन म्हणतात?” तो हसला. “बाई, तुम्हा नेटिव्हांचं सगळंच उलटं.”

त्याच्या गावी, तो म्हणाला, जूनमध्ये सुटकेचा सण असतो. लाल पाणी, कलिंगडं, भाजलेलं मांस. त्या दिवशी चर्चमध्ये पहिला बाक राखून ठेवतात. त्यावर फक्त जे स्वतः विकले गेले होते, किंवा विकले जाऊ शकत होते, तेवढेच बसतात. त्यांना फ्रीडमन म्हणायचं. पोरं त्यांना पंख्याने वारा घालतात. तो निघाला तेव्हा त्या बाकावर अकराजण उरले होते. पहिल्यांदा तो सण पाहिला तेव्हा बाक पुरत नसे.

“माझी आई बसते तिथे. मी सुटकेनंतर चार वर्षांनी जन्मलो. मी जाऊन बसलो ना, तर कान धरून उठवील मला. म्हणेल, तुला कुणी सोडलं? मी तर तुला अजून सोडलेलं नाही.”

“मग त्या अकराजणांनंतर?”

“त्यांच्यानंतर कोण? शब्द संपला. बाक इतरांना मोकळा.” त्याने नाल निखाऱ्यात सारला. “संपायलाच हवा ना तो, बाई? नाहीतर सुटका कसली झाली?”

डॉर्कसला दोघांचंही खरं वाटलं, आणि त्याचंच तिला नवल वाटत राहिलं. एकाच्या शब्दात शिरण्यासाठी माणसं कॅन्ससातून चालत आली होती, आणि दुसऱ्याचा शब्द माणसागणिक संपत चालला होता. शब्द एकच होता. ओस्बीच्या गठ्ठ्यात तो तिसराच काहीतरी होता.

हेप्सी अंगणात मका कांडत होती. लाकडी उखळ कमरेइतकं उंच, मुसळ तिच्याहून उंच. लुसिंडा पायरीवर मुलीला पाजत होती. डॉर्कसने पेकनची वाटी दिली आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, सिपियोची आणि लोहाराची. हेप्सी कांडता कांडता ऐकत होती.

“दोघेही पुरुष,” ती शेवटी म्हणाली. “आणि दोघांनीही बाकाचंच सांगितलं.”

लुसिंडा हसली. मग धीर करून म्हणाली, “आई, जमीन जाईल गं. यहोलांच्या पोराला मिळणार आणि हिला नाही.”

यहोलांचं नाव निघालं तसं हेप्सीचं मुसळ थांबलं. तिने उखळातला मका हाताने वरखाली केला, दोन खडे काढून फेकले.

“शब्दापायी पोरीची जमीन कशी घालवू,” ती म्हणाली. “येते उद्या. पण डॉर्कस, मी जे बोलेन ते त्याला नीट सांग. गाळू नकोस.”

गुरुवारी चर्चमध्ये गर्दी कमी होती. ओस्बीने त्यांना पाहून कागद पुढे ओढला. मंगळवारी अर्धा भरलेला कागद त्याने फाडला नव्हता. मुलीचं नाव कुणाच्या नावाला जोडायचं ते पाहण्यासाठी त्याने पेटीतून हेप्सीच्या जुन्या कार्डाची नक्कल काढली, आणि काढल्यावर तो त्या नकलेकडे पाहतच राहिला.

“इथे नकलेत चूक झालीय,” तो म्हणाला. “बापाचं नाव दोनदा उतरवलंय.”

त्याने कार्ड फिरवून डॉर्कसला दाखवलं. तिने बोट ठेवून वाचलं. हेप्सी. वय एकोणपन्नास. पुढे बापाचं नाव, नोकोस यहोला. त्याच्या पलीकडे आणखी एक रकाना होता, ‘पूर्वीच्या मालकाचं नाव’. त्यातही लिहिलं होतं, नोकोस यहोला.

डॉर्कसने दोन्ही नावं पुन्हा वाचली. नोकोस यहोला म्हणजे ओढ्यापलीकडच्या त्या घरातला म्हातारा, डॉर्कसच्या लहानपणीच वारलेला. हेप्सीचा बाप कोणी क्रीक होता एवढं वस्तीला ठाऊक होतं. कोण ते हेप्सीने कधी सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. ओस्बीने पट्टी ठेवून दुसरं नाव खोडायला टाक उचलला.

“त्याला सांग, चूक नाही ती,” हेप्सी म्हणाली.

मग ती बोलू लागली आणि डॉर्कस एकेक वाक्य इंग्रजीत आणू लागली. हेप्सीची आई फिबी मोकळीच होती. तिच्या आईला मालकिणीने मरताना मोकळं केलं होतं. नोकोस यहोलाची पहिली बायको वारल्यावर फिबी त्याच्या घरात आली, त्याची बायको म्हणून, आणि हेप्सी तिथेच जन्मली. कोणी कुणाचं गुलाम नव्हतं. मग युद्ध तोंडावर आलेल्या वसंतात पंचायतीने कायदा केला की राष्ट्रात एकही काळं माणूस मोकळं राहायचं नाही. जे मोकळे आहेत त्यांनी थोड्या दिवसांत आपल्याला मालक निवडावा. नाही निवडला तर त्यांचा लिलाव होईल.

“दोन माणसं घोड्यांवर विचारायला आली,” हेप्सी म्हणाली. “मी बारा वर्षांची होते. त्यांनी आईला विचारलं, मालक कोण? बाप चुलीजवळ बसून जोडा शिवत होता. आईनं त्याच्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, हा.”

डॉर्कसने ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना तिचाच आवाज तिला परका वाटला.

“त्यांनी लिहून घेतलं. फिबी, एक. मुलगी, एक. घोडी पाणी प्याली आणि ती दोघं गेली. बाप उठून बाहेर गेला आणि संध्याकाळपर्यंत घरात आला नाही.”

सात वर्षांपूर्वी कार्ड बनवणाऱ्या माणसाने मालकाचं नाव विचारलं तेव्हा हेप्सीला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून तिने ते सांगितलं, आणि त्याने मान वर न करता लिहिलं. घरी येऊन ती तीन दिवस बोलली नव्हती. लुसिंडाला ते आठवत होतं. तिला वाटलं होतं आईचा दात दुखतोय.

“आता तू लिहितोस की मला सोडलं, माझ्या लेकीला सोडलं, या पोरीला सोडलं,” हेप्सी म्हणाली. ती पहिल्यांदाच सरळ ओस्बीकडे पाहत होती. “कुणापासून? बापापासून?”

ओस्बीने टाक खाली ठेवला. त्याने विचारलं की मग बाप क्रीक होता तर ही बाई दुसऱ्या यादीत कशी नाही. डॉर्कसने तेच त्याला विचारलं, जास्त जोराने: ज्या मुलासाठी तिने मंगळवारी सही केली तोही नोकोस यहोलाचाच पणतू, ही त्याचीच पणती, मग एक नागरिक आणि एक फ्रीडमन का? ओस्बी म्हणाला, आई ज्या यादीत, तिथे मूल. शिवाय यादी बदलून मागायची मुदत केव्हाच होऊन गेली. हे त्याने वहीत न बघता सांगितलं, म्हणजे आधीही कुणीतरी त्याला विचारलं असणार.

“मग माझ्या शपथेत एक ओळ घाला,” डॉर्कस म्हणाली.

“कुठली?”

“मुलगी मोकळी जन्मली. मी तिथे होते, मी पाहिलं.”

ओस्बीने कागदाकडे पाहिलं. नाव, तारीख, आई, बाप, सुईण. रेघा तेवढ्याच होत्या. तो म्हणाला, आंटी, यासाठी जागा नाही. डॉर्कस म्हणाली, खाली दोन बोटं जागा आहे. आणि तिला शपथ खरं सांगायची दिलीय, अर्धं खरं सांगायची नाही. तिला ओरडायचं नव्हतं आणि ती ओरडलीही नाही. ज्या घाईशिवायच्या आवाजात ती बाळंतिणीला कळ द्यायला सांगायची, त्याच आवाजात ती त्याच्याशी बोलत होती.

तो लिहू लागला. अक्षर वळणदार होतं. लिहून झाल्यावर त्याने ती ओळ मोठ्याने वाचली, डॉर्कसने क्रीकमध्ये सांगितली, हेप्सीने मान डोलावली. लुसिंडाने सही केली, डॉर्कसने केली. मुलगी इतका वेळ झोपली होती; शाई टिपताना जागी झाली आणि सगळ्यांवर ओरडली.

उन्हाळा गेला. मका निघाला, कापूस फुटू लागला, डॉर्कसच्या हातावर आणखी पाच पोरं जन्मली. त्यांच्यासाठी नवी मुदत निघाली, आणि त्यांचे कागद वेगळ्याच कारकुनाने केले. तो जेवढं विचारायचा तेवढंच लिहायचा. सप्टेंबरात लुसिंडाला कचेरीतून पाकीट आलं आणि ती ते न उघडताच डॉर्कसच्या घरी घेऊन आली, मागोमाग हेप्सी.

झेल्माचं नाव मंजूर झालं होतं. सोबत शपथेची एक प्रत जोडलेली होती. माथ्यावर तेच, ‘नवजात फ्रीडमन’. खाली ओस्बीच्या वळणदार अक्षरातली ओळ होती, आणि तिच्यावर कुणीतरी पट्टी लावून लाल शाईची सरळ रेघ मारली होती. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘अनावश्यक’.

डॉर्कसने जसं होतं तसं वाचून दाखवलं. ‘अनावश्यक’साठी क्रीक शब्द तिला लगेच सापडला, तो लोक रोज वापरायचे.

“रेघेखालचं वाचता येतंय का?” हेप्सीने विचारलं.

“येतंय. रेघ बारीक आहे.”

“आणि तो शब्द कुठला? वरचा?”

डॉर्कसने दाखवला. हेप्सीने त्यावर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, जसं कापड खरेदी करताना पोत बघतात. इंग्रजीत आठ अक्षरं आहेत, असं डॉर्कसने सांगितलं. हेप्सी म्हणाली, सिपियो त्यासाठी कॅन्ससहून चालत आला तर असू दे, लिहू दे त्यांना. त्याच्या बहिणीचे पाय तिने स्वतः पाहिले होते. मग तिने कागदाची घडी घालून लुसिंडाकडे दिला, आणि पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवायला सांगितला, घुशी पोचणार नाहीत असा.

लुसिंडा मुलीला घेऊन विहिरीवर गेली. डॉर्कसने मडक्यातून आंबील काढून हेप्सीला दिली. दोघी दारात बसल्या. एक प्रश्न डॉर्कसला मार्चपासून छळत होता, आणि आता तो विचारता येईल असं तिला वाटलं.

“मावशी, युद्ध संपलं, सुटका झाल्याचं तुम्हाला कळलं, तेव्हा तुझ्या बापानं काय केलं?”

हेप्सीने घोट घेतला. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“आम्ही कॅन्ससात छावणीत होतो. तोही आमच्याबरोबर आला होता, आम्हाला घेऊन. एक शिपाई सांगून गेला. आई आंबील ढवळत होती. बाप तिच्यासमोर येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन, पाहुण्यासारखा. म्हणाला, फिबी, आता तू माझी नाहीस म्हणे.”

“मग?”

“आईनं डाव त्याच्या हातात दिला. म्हणाली, बरं झालं. आजपासून तूच ढवळ.”

डॉर्कस इतकी हसली की तिच्या हातातली आंबील सांडली. हेप्सी हसली नाही, पण तिला ते आवडलं होतं हे दिसत होतं.

“ढवळली का त्यानं?”

“ढवळली की. त्याला कुठे येत होतं. करपवली. छावणीत टाकून देण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांनी तीच खाल्ली.” तिने वाटी पुसली आणि पुढे केली. “थोडी घाल अजून. तुझी बरी झालीय.”